मुलाच्या डोक्यावरची चाई किती गंभीर आहे, हे कसं मोजावं

चाईचा पहिला चट्टा घरात बहुतेक वेळा वेणी घालणाऱ्या आजीला दिसतो, नाहीतर केस कापताना न्हाव्याला. गोल, गुळगुळीत, रुपयाच्या नाण्याएवढा. खाज नसते, कोंडा नसतो. मग कोणी म्हणतं किडीने केस खाल्ले, कोणी लसूण चोळायला सांगतं, कोणी बिब्बा लावतं. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत मूळ चट्टा बाजूलाच राहतो आणि त्यावर पोळल्याची जखम झालेली असते. म्हणून पहिली गोष्ट: तपासणी होईपर्यंत डोक्यावर काहीही चोळू नका आणि "सगळे केस सारखे येतील" म्हणून मुंडणही करू नका. मुंडण केलं की केस ओढून पाहायची चाचणी करता येत नाही. कुठले केस गळले आणि कुठले वस्तऱ्याने गेले, हेही पुढचे काही आठवडे नीट सांगता येत नाही.

चाईत किडा नसतो आणि बुरशीही नसते. शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशी केसाच्या मुळाशी जमतात आणि वाढीतला केस बंद पाडतात. केसाचं मूळ मात्र मरत नाही. म्हणूनच वर्षभर रिकामी असलेली जागाही पुन्हा भरू शकते आणि भरलेली जागा पुन्हा रिकामी होऊ शकते. आजार असा मागेपुढे होणारा असल्याने "खूप गळलेत" किंवा "जरा बरं वाटतंय" या शब्दांवर उपचार ठरवता येत नाहीत. आकडा लागतो. पण नुसत्या आकड्यानेही भागत नाही. आजार पुढे सरकतोय का, डोक्याच्या कुठल्या भागात आहे आणि त्याने मुलाचं काय होतंय, या तीन गोष्टी त्या आकड्याशेजारी लिहाव्याच लागतात. पुढची पद्धत फॅमिली डॉक्टरांना दवाखान्यात वापरता येईल. मोजणं, फोटो आणि नोंद हा भाग आईवडील घरीही करू शकतात.

आधी ही चाईच आहे ना?

चुकीच्या आजाराची तीव्रता मोजण्यात अर्थ नाही, आणि मुलांमध्ये गफलत सर्वात जास्त होते ती डोक्यातल्या नायट्याशी. चट्ट्यावर खपली किंवा कोंडा असेल, केस कातडीलगत तुटलेले असतील, मानेच्या मागे गाठी लागत असतील, तर आधी नायट्याचा विचार करा. केस आणि खपली तपासायला पाठवा. चाई समजून त्यावर स्टिरॉइडचं मलम लावलं तर बुरशी फोफावते. जागा सुजून मऊ, दुखरी झाली असेल, पू येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा जागी कायमचा व्रण राहू शकतो.

मुलाला स्वतःचे केस उपटायची सवय असेल तर चट्ट्याचा आकार वेडावाकडा असतो आणि त्यात वेगवेगळ्या लांबीचे, बोटाला टोचणारे खुंट असतात. चाईचा चट्टा हाताला मऊ आणि गुळगुळीत लागतो. कानशिलावर त्रिकोणी विरळ जागा असेल, ती लहानपणापासून आहे तशीच असेल आणि तिथे बारीक लव असेल, तर ती चाई नव्हे. ती ना वाढते ना जाते. रोज घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींचे केस कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेने मागे सरकतात. मोठ्या तापानंतर, डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर, दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्याचे केस एकसारखे गळतात, पण गोल चट्टे पडत नाहीत.

भिंग असेल तर चट्ट्याची कड बघा. दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, टोकाला जाड आणि मुळाकडे बारीक होत गेलेले केस दिसले, अगदी उद्गारचिन्हासारखे, तर चाई तर आहेच, शिवाय ती सध्या चालू आहे. डर्माटोस्कोपमधून (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या उपकरणातून) तुटके केस आणि काळे ठिपकेही दिसतात आणि त्यांचाही अर्थ तोच. मोठ्यांमध्ये दिसणारे पिवळे ठिपके लहान मुलांत कमी दिसतात, कारण वयात येण्याआधी तेलग्रंथी पुरत्या वाढलेल्या नसतात. ते दिसले नाहीत म्हणून चाई नाही, असं ठरवू नका.

मोजण्याची तयारी

आदल्या दिवशी डोकं धुवा. खोबरेल तेल लावलेले केस एकमेकांना चिकटतात, मध्ये भेगा पडतात आणि डोकं आहे त्याहून विरळ दिसतं. वेण्या, रबर, क्लिप सगळं सोडा. बाळाच्या किंवा लहान मुलीच्या भुवयांना काजळ लावलं असेल तर ते पुसा. काजळाखाली अर्धी भुवई गेलेली असली तरी कळत नाही. नखांवर नेलपॉलिश असेल तर तेही काढा. मेंदीचा रंग नखांवर महिनोन्‌महिने राहतो. तो असेल तर नखं तिरप्या उजेडात बघा, खड्डे तरीही दिसतात.

मुलाला खिडकीशेजारी स्टुलावर बसवा. बारीक टोकाचा कंगवा, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, मोबाइल आणि वही जवळ ठेवा. आपण काय करणार आहोत ते मुलाला आधी सांगा. डोक्याला हात लावू न देणारं मूल हे बऱ्याचदा आधी कोणीतरी ओढून पाहिलेलं मूल असतं.

डोक्याचे चार भाग आणि सॉल्ट स्कोअर

जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे सॉल्ट स्कोअर, म्हणजे डोक्यावरचे किती टक्के केस गेलेत ते सांगणारा आकडा. औषधांच्या चाचण्यांसाठी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांमधून ती रूढ झाली. हिशेब सोपा आहे, पण तो चुकवणंही तितकंच सोपं आहे, म्हणून जरा सावकाश.

डोक्याचे चार भाग करायचे. कपाळाच्या केसांच्या रेषेपासून मागे भोवऱ्यापर्यंतचा वरचा भाग म्हणजे सगळ्या डोक्याचा ४० टक्के. भोवऱ्याच्या खालून मानगुटीपर्यंतचा मागचा भाग २४ टक्के. कानांच्या वरची उजवी बाजू १८ टक्के आणि डावी बाजू १८ टक्के. बेरीज १००.

आता एका वेळी एकच भाग बघा. कंगव्याने एक-दीड सेंटिमीटरच्या अंतराने रांगेने भांग पाडत जा. लांब केसांच्या मुलीत हे केल्याशिवाय मागचे चट्टे सापडतच नाहीत. त्या भागातली किती टक्के जागा रिकामी आहे, याचा अंदाज घ्या. हे टक्के त्या भागापुरतेच, सगळ्या डोक्याचे नव्हेत. मग त्या टक्क्यांना भागाच्या वजनाने गुणा आणि चारही उत्तरं मिळवा.

एक उदाहरण पूर्ण करू. डाव्या बाजूचे २० टक्के केस गेलेत: १८ चे २० टक्के म्हणजे ३.६. उजवीकडे १० टक्के: १.८. वरच्या भागात ३० टक्के: ४० चे ३० टक्के म्हणजे १२. मागे ५० टक्के: २४ चे निम्मे, म्हणजे पुन्हा १२. एकूण २९.४. सॉल्ट स्कोअर २९. शून्य म्हणजे एकही केस गेलेला नाही, १०० म्हणजे डोक्यावर एकही केस नाही.

वर आणि मागे दोन्हीकडे उत्तर १२ आलं, तरी मागचा निम्मा भाग गेलाय आणि वरचा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. नेमकी इथेच नवखी माणसं चुकतात. मागच्या भागाचा पाव हिस्सा गेला की ते सरळ २५ लिहितात. खरं उत्तर ६ आहे.

दुसरी चूक चट्टे मोजण्याची. "दहा चट्टे आहेत" म्हटलं की घर हादरतं, पण नखाएवढे दहा चट्टे मिळून डोक्याचे काही थोडेच टक्के भरतात. एकच चट्टा तळहाताएवढा असेल तर तो त्यांच्याहून कितीतरी मोठा. चट्टे किती हे लिहायला हरकत नाही, पण तीव्रता क्षेत्रफळावरून ठरते.

तिसरी अडचण विरळपणाची. केस पूर्ण गेले नसून पातळ झाले असतील तर तेही धरायचे. समजा, वरच्या भागातली निम्मी जागा पूर्ण रिकामी आहे आणि उरलेल्या निम्म्या जागेत केस निम्म्यावर आलेत. मग पहिल्या जागेचे ५० आणि दुसऱ्या जागेचे २५, असे त्या भागाचे ७५ टक्के गेले. ४० चे ७५ टक्के म्हणजे ३०.

चट्ट्यात पांढरी, मऊ लव उगवली असेल तर ती केस म्हणून धरू नका, पण "लव आली" अशी नोंद जरूर करा. ती चांगली खूण आहे. पांढरे असले तरी जाड, नेहमीसारखे केस आले असतील तर ते केसच. चाईत रंगाचे केस आधी जातात आणि नवे केस पुष्कळदा आधी पांढरे येतात, त्यामुळे मुलाचे केस अवेळी पिकायला लागले की काय, अशी शंका घरच्यांना येते. रंग बहुतेक वेळा नंतर भरतो.

चार-पाच अंकांचा फरक मोजणाऱ्याच्या नजरेचाही असू शकतो. म्हणून शक्यतो एकाच माणसाने मोजावं. मार्चमध्ये २९ आणि एप्रिलमध्ये ३२ आले म्हणून घाबरू नका, २६ आले म्हणून उपचारही थांबवू नका.

आकड्याचा अर्थ

सॉल्टच्या मूळ पायऱ्या अशा: २५ पेक्षा कमी, २५ ते ४९, ५० ते ७४, ७५ ते ९९ आणि पूर्ण १००. आता वापरात असलेली दुसरी मोजपट्टी रोजच्या कामाला अधिक सोयीची आहे: २० पर्यंत सौम्य, २१ ते ४९ मध्यम, ५० आणि त्यावर तीव्र. हिचं मोल पुढच्या नियमात आहे. सौम्य किंवा मध्यम आजारात चारपैकी एक जरी गोष्ट असेल तर एक पायरी वर चढायचं: मुलाच्या मनावर ठळक परिणाम, भुवया किंवा पापण्यांचे केस लक्षात येण्याइतके गेलेले, किमान सहा महिने उपचार करूनही पुरेसा फरक नाही, किंवा ओढून पाहिल्यावर डोक्याच्या अनेक ठिकाणचे केस सहज हातात येणं. म्हणजे वरच्या उदाहरणातलं २९ अंकांचं मूल मध्यम. त्याच मुलाची एक भुवई अर्धी गेली असेल तर ते तीव्र गटात.

५० च्या आकड्याला आणखी एका कारणाने वजन आहे. १२ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी रिटलेसिटिनिब या कॅप्सूलला अमेरिकेत जून २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती तीव्र चाईसाठी. तिच्या चाचणीत डोक्याचे निम्मे किंवा जास्त केस गेलेलेच रुग्ण घेतले होते. अशी औषधं सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी, क्षयाची तपासणी आणि लसींचा विचार करावा लागतो. ते काम त्वचारोगतज्ज्ञांचं. आपलं काम त्यांच्यापुढे नीट मोजलेला आकडा ठेवण्याचं.

आकडा जिथे फसवतो

काही मुलांत चाई मानगुटीपासून दोन्ही कानांच्या वरून पट्ट्यासारखी फिरते. समजा मागच्या भागाचा खालचा निम्मा गेलाय आणि दोन्ही बाजूंचे ३० टक्के गेलेत. हिशेब: १२, ५.४ आणि ५.४, एकूण २२.८. कागदावर जेमतेम मध्यम. वरून केस सोडले की दिसतही नाही, म्हणून घरचेही निश्चिंत असतात. पण हा पट्टा हट्टी असतो, उपचारांना सहज दाद देत नाही. नोंदीत आकड्याबरोबर "मागून कानापर्यंत पट्टा" हे शब्द लिहिलेच पाहिजेत. शक्य असेल तर साधं रेखाचित्र काढून चट्टे रंगवा.

भुवया आणि पापण्या सॉल्टमध्ये धरल्याच जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी साधी पट्टी ठेवा: ० म्हणजे पूर्ण, १ म्हणजे थोड्या फटी, २ म्हणजे मोठ्या फटी, ३ म्हणजे जवळजवळ केस नाहीत. डाव्या-उजव्याची नोंद वेगळी. पापण्यांचे केस नसले की धूळ आणि घाम थेट डोळ्यांत जातो. डोळे चोळत राहणाऱ्या मुलात हे आवर्जून बघा. अंगावरचे केस वयात येण्याआधी मुळातच कमी असतात, त्यामुळे लहान मुलांत त्यावरून फारसं कळत नाही. मोठ्या मुलामुलींना एकट्यात, आडपडद्याची काळजी घेऊन विचारा.

नखं वीसही बघा, हाताची आणि पायाची. टाचणीने रांगेत टोचल्यासारखे बारीक खड्डे, किंवा सँडपेपरने घासल्यासारखं खरखरीत नख, या दोन्ही खुणा चाईच्या. नखांचा त्रास असलेल्या मुलात आजार लांबण्याची शक्यता जास्त धरतात. अगदी लहान वयात सुरुवात, वर्षाहून जास्त काळ चाललेली चाई, घरात आणखी कोणाला चाई, मुलाला स्वतःला एक्झिमा, दमा किंवा ॲलर्जी, डाऊन सिंड्रोम, या गोष्टीही त्याच बाजूच्या. थायरॉइडची तपासणी प्रत्येक मुलाला लागत नाही. उंची अडली असेल, गळ्याला सूज असेल, घरात थायरॉइडचा किंवा कोडाचा इतिहास असेल, डाऊन सिंड्रोम असेल, तर मात्र करावी.

आजार चालू आहे का: केस ओढून पाहणं

ही चाचणी डॉक्टरांनी करावी. घरी रोज केस ओढून बघणारे आईवडील मुलाला नकळत दुखावतात आणि हाती काही लागत नाही.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत ५० ते ६० केस कातडीजवळ धरा आणि हलक्या, सारख्या ताणाने टोकापर्यंत सरकवत न्या. झटका नको. आधी चट्ट्याच्या कडेला, मग चट्ट्यापासून लांब चारही भागांत एकेकदा. पूर्वी दहापैकी एक केस हातात आला तर चाचणी सकारात्मक धरत. आता दोनपेक्षा जास्त केस आले तरी सावध व्हावं असं मानतात. फक्त कडेचे केस येत असतील तर तो चट्टा वाढणार. लांबच्या, चांगल्या दिसणाऱ्या जागेचेही येत असतील तर आजार सगळीकडे पेटलेला आहे आणि आजचा आकडा महिन्याभरात जुना होणार. अशा मुलाला तीन महिन्यांनी नव्हे, लवकर बोलवा.

मुलाचं काय होतंय

इथे घाई नको. मनावरचा परिणाम हा वरच्या नियमात पायरी बदलणारा मुद्दा आहे, त्यामुळे त्याची तपासणी नखांइतकीच मन लावून करावी लागते.

चार ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी दहा प्रश्नांची एक ठरलेली प्रश्नावली आहे, सीडीएलक्यूआय. गेल्या आठवड्याबद्दल विचारतात, गुण जास्तीत जास्त ३०. ६ पर्यंत परिणाम थोडा किंवा नाही, ७ ते १२ मध्यम, १३ पासून पुढे मोठा. ती हाताशी नसेल तर साधं बोला, पण आई खोलीबाहेर असताना. "तुला वाईट वाटतं का?" असं विचारलं की मूल "नाही" म्हणतं आणि पायांकडे बघतं. "शाळेत टोपी घालतोस का? कोण काढतं ती?" असं विचारलं की बोलतं. सुट्टीत कुठे बसतोस, फोटो काढताना काय करतोस, पोहायला जाणं बंद झालं का, गॅदरिंगमध्ये भाग घेतलास का, हे विचारा. शाळा बुडायला लागली असेल, झोप उडाली असेल, मूल आरसा टाळत असेल, तर ५ टक्क्यांचीही चाई सौम्य म्हणून सोडू नका. उलट दोन-तीन वर्षांच्या मुलाला पुष्कळदा काहीच वाटत नसतं आणि सगळा ताण आईवडिलांचा असतो. त्यांच्या ताणाची दखल घ्या, पण तो मुलाच्या खात्यात लिहू नका. त्यापायी दोन वर्षांच्या बाळाला जड औषधं सुरू होऊ नयेत. थोडे चट्टे असलेल्या कितीतरी मुलांचे केस वर्षभरात आपोआपही येतात.

फोटो आणि वही

प्रत्येक वेळी तेच पाच फोटो: वरून, मागून, उजवीकडून, डावीकडून आणि समोरून, भुवया दिसतील असा. मागच्या फोटोसाठी हनुवटी छातीला टेकवायला सांगा, वरच्यासाठी मान थोडी झुकवा. त्याच खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद, अंतर हातभर. फ्लॅशमध्ये कातडी चकाकते आणि डोकं आहे त्याहून जास्त रिकामं दिसतं. मोठ्या चट्ट्याशेजारी पट्टी ठेवून एक जवळचा फोटो घ्या आणि आडवं-उभं माप लिहा. नाणं ठेवलं तरी चालेल, पण दर वेळी तेच नाणं. मुलाला विचारून फोटो काढा. ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे दर आठवड्याला मोजून काही कळणार नाही. आजार स्थिर असेल तर तीन महिन्यांनी मोजा. उपचाराचा हिशेब पहिल्या आकड्याशी करा: ४० वरून २० वर आलं म्हणजे निम्मी सुधारणा. जुने चट्टे भरतायत आणि नवे पडतायत असंही एकाच वेळी होतं, आणि मग आकडा जागच्या जागी राहतो. म्हणून एकूण बेरजेबरोबर चारही भागांचे टक्के वेगवेगळे लिहा.

वहीतली नोंद एका ओळीत मावते: "वय ७. सुरुवात ५ महिन्यांपूर्वी. वर ३०, मागे ५०, डावीकडे २०, उजवीकडे १०, सॉल्ट २९. भुवया उजवी ०, डावी १. पापण्या ०. नखं: हाताच्या तीन बोटांना खड्डे. ओढून पाहिलं: कडेला ४ केस, लांब ०. सर्वात मोठा चट्टा मागे, ५ बाय ४ सेंमी, लव नाही. टोपीशिवाय शाळेत जात नाही." त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ही ओळ आणि पाच फोटो न्या. लावलेली मलमं आणि घरगुती उपाय, बिब्ब्यासकट, तारखांनिशी त्याच पानावर खाली लिहा.